धाग्यांना टांगलेला सायकलस्वार

एक साधा हिशेब करून बघू. रोड बाइकच्या ७००-सी मापाच्या रिमवर २८ मिलिमीटर रुंदीचा टायर चढवला, की चाक एका फेरीत साधारण २ मीटर १३ सेंटिमीटर पुढे जातं. म्हणजे एका किलोमीटरला ४७० फेऱ्या. चांगल्या टिकाऊ टायरने मागच्या चाकावर ५,००० किलोमीटर काढले असं धरू. त्यात साडेतेवीस लाख फेऱ्या झाल्या. तेवढ्या काळात टायरच्या मध्यावरचं किती रबर झिजलं? जेमतेम दोन मिलिमीटर. आता भागाकार करा. दर फेरीला एक नॅनोमीटरसुद्धा नाही!

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रबराच्या रेणूंची एकेक साखळी साधारण अर्धा नॅनोमीटर जाडीची असते. प्रत्यक्षात रबर बारीक कणांनी सुटतं आणि ही फक्त सरासरी आहे. तरीही ती सरासरी काय सांगते बघा. खडी, डांबर, काँक्रीट, वाळू या सगळ्यांशी एकदा घासून गेल्यावर टायर फार तर रेणूंचा एखाददुसरा थर गमावतो. वर ऐंशी-नव्वद किलोचं ओझं, आणि ते पेलायला दोन्ही टायर मिळून रस्त्याला टेकलेले असतात फक्त सतरा-अठरा चौरस सेंटिमीटर!

एवढं सोसणारी वस्तू पोलादासारखी कठीण असावी, असं कुणालाही वाटेल. पण टायर अंगठ्याने दाबला जातो, हाताने दुमडता येतो, आणि त्याचं वजन असतं तीनशे ग्रॅमच्या आसपास. तो टिकतो तो नमतं घेतो म्हणून. टिकाऊ टायर निवडायला निघालेली माणसं बहुतेक वेळा जाड, ताठ, टणक टायर शोधतात. टायर आतून कसा चालतो हे एकदा समजलं, की शोधायची गोष्ट वेगळीच आहे हे लक्षात येतं.

चाकात हवा भरण्याची कल्पना सायकलीपेक्षाही जुनी म्हणावी लागेल. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ साली घोडागाडीच्या चाकांसाठी तिचं पेटंट घेतलं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पेडल मारायची सायकल अजून रस्त्यावर आलीसुद्धा नव्हती! लोक त्याचा शोध विसरून गेले. मग १८८७ मध्ये बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप आपल्या मुलाच्या तीनचाकीकडे बघून विचारात पडला. दगडी रस्त्यावर भरीव रबराची चाकं त्या पोराची हाडं खिळखिळी करत होती. डनलॉपने एका लाकडी चकतीवर पातळ रबराची नळी बसवली, वरून कापड ताणलं, हवा भरली आणि अंगणात दोन चाकं ढकलून दिली. एक भरीव रबराचं, एक हवेचं. भरीव चाक वाटेतच आडवं पडलं. हवेचं चाक मात्र अख्खं अंगण ओलांडून पलीकडे जाऊन आपटलं.

कुणाला वाटलं असतं, मऊ चाक जास्त लांब जाईल? १८८९ मध्ये विली ह्यूम हे गुबगुबीत टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला तेव्हा लोक हसले. त्याने शर्यती जिंकल्या आणि भरीव टायरचे दिवस भरले. मऊ चाक आरामासाठी आणि कडक चाक वेगासाठी, ही समजूत त्या मैदानावरच मोडली. तरी ती आजही सायकलच्या दुकानात कानावर येतेच.

आता मला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट. तुम्ही सायकलवर बसलात की टायरमधला हवेचा दाब किती वाढतो? पंपाचा काटा बघत कुणाला तरी सीटवर बसवा. काटा हललेला कळणारही नाही. शिवाय दाब चाकात सगळीकडे सारखाच असतो, रस्त्याजवळ जेवढा, तेवढाच सीटच्या बाजूला. रिमला वरून जेवढी हवा दाबते तेवढीच खालूनही दाबते आणि हिशेब शून्य होतो. मग तुमचं वजन उचललंय कुणी?

धाग्यांनी! टायरच्या रबराखाली धाग्यांचं एक कापड असतं. त्याला केसिंग म्हणतात. टायर फुगला की हे धागे ताणले जातात आणि रिमच्या दोन्ही कडांना सगळ्या बाजूंनी बाहेर ओढू लागतात. वरचे धागे वर, खालचे खाली, पुढचे पुढे. चहूकडून ओढ सारखी, म्हणून चाक जागच्या जागी. आता टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे बघा. तो चपटा होतो आणि त्याच्या बाजू बाहेर फुगतात. त्यामुळे तिथले धागे आडवे होऊ लागतात आणि रिमला खाली खेचण्याचा त्यांचा जोर घटतो. वरच्या धाग्यांचा जोर मात्र होता तेवढाच राहतो. या दोहोंतला फरक तुम्हाला तोलून धरतो. आपण हवेवर तरंगतो आहोत असं वाटत असतं. खरं तर आपण धाग्यांना टांगलेले असतो, आणि हवेचं काम त्या धाग्यांना ताठ ठेवणं एवढंच!

म्हणून टायर घेताना मी आधी या कापडाकडे बघतो. एका इंचात किती धागे बसवले आहेत तो आकडा बहुतेक वेळा खोक्यावर छापलेला असतो. साधारण ६० पासून १२० पर्यंत. गोणपाट आणि मलमल यांत जो फरक, तोच इथे आहे. जाड धाग्यांचं कापड दणकट पण आखडू, बारीक धाग्यांचं कापड लवचीक पण जरा नाजूक. काही टायरवर ३३० असा आकडा दिसतो. तो एका थराचा नसून एकावर एक आलेल्या तीन थरांची बेरीज असते, हे ठाऊक असलेलं बरं.

या कापडात आणखी एक खुबी आहे. ते विणलेलं नसतंच! सुरुवातीचे टायर कॅनव्हाससारख्या विणलेल्या कापडाचे असत. विणीत उभा धागा आडव्याच्या वरून-खालून जातो, आणि टायर दबला-सुटला की प्रत्येक फुलीवर ते एकमेकांना करवतीसारखे घासतात. किलोमीटरला ४७० वेळा. कापड स्वतःलाच कापत सुटायचं. उपाय निघाला तो इतका सोपा की आश्चर्य वाटावं. आडवे धागे काढूनच टाकायचे! आजच्या केसिंगमध्ये एका थरातले सगळे धागे समांतर असतात, त्यावरचा दुसरा थर उलट्या तिरक्या दिशेने जातो, आणि दोघांच्या मध्ये रबराचा पातळ लेप असतो. धागा धाग्याला शिवतच नाही. टायर दबला की थर अलगद सरकतात आणि सुटल्यावर जागेवर येतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर झिजलेला टायर भंगारात टाकण्याआधी एकदा आडवा कापून बघा. कोरडं पातं रबरात अडखळतं, रेटावं लागतं. त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडा, पातं सुळकन आत जातं. कापलेल्या तोंडावर थर मोजता येतात. मध्यावर जाड आणि बाजूंना पातळ होत गेलेलं काळं रबर, त्याखाली फिकट रंगाची एक अरुंद पट्टी, तिच्याखाली टाचणीच्या टोकासारखी दिसणारी धाग्यांची टोकं, आणि दोन्ही काठांना पोलादी तारेचा चकाकता ठिपका किंवा पिवळसर तंतूंचा झुपका.

त्या दोन थेंबांनी पावसाळ्याचं एक कोडंही सुटतं. पहिला पाऊस पडला की पंक्चर एकदम वाढतात ते का? पाऊस कडेची काच, खडे, तारा वाहून रस्त्यात आणतो हे एक कारण. दुसरं तुम्ही आत्ताच पातं चालवून पाहिलंत. ओलं रबर सहज कापलं जातं.

आता ते काळं रबर. रबराचा चीक झाडातून येतो. केरळ तर प्रसिद्धच आहे, पण आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीच्या बाजूला रबराच्या बागा आहेत. नुसत्या चिकाचं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला कळलं की गंधक घालून तापवलं की हेच रबर उन्हातही ताळ्यावर राहतं आणि थंडीतही. गंधकाचे अणू रेणूंच्या लांबलचक साखळ्यांमध्ये पूल बांधतात. मोकळ्या साखळ्या एकमेकींवरून कायमच्या निसटून जायच्या, त्या आता ताणल्या तरी मागे येतात.

पण नैसर्गिक रबराची खरी करामत पुढेच आहे. ते खूप ताणलं गेलं की त्यातल्या वेड्यावाकड्या साखळ्या एका दिशेने रांगेत उभ्या राहतात आणि तिथल्या तिथे स्फटिक बनतात. ताण गेला की स्फटिक विरघळतात. आता विचार करा, टायरला चीर पडली तर सगळ्यात जास्त ताण कुठे येणार? चिरेच्या टोकाशी. म्हणजे नेमकं तिथेच रबर घट्ट होतं आणि चिरेची वाट अडवतं! जिथे इजा, तिथेच चिलखत, आणि तेही क्षणात. माणसाने प्रयोगशाळेत कितीतरी रबरं बनवली, पण फाटण्याला असा अडसर घालण्यात झाडाच्या चिकाची सर अजून कुणाला नीटशी आलेली नाही. टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आजही ठाण मांडून आहे ते म्हणूनच.

आणि टायर काळा का? जुने टायर पांढरट असायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरात काजळी मिसळून बघितली गेली आणि झिजण्याचा वेग विलक्षण कमी झाला. हो, काजळीच, म्हणजे तेल किंवा वायू अर्धवट जाळून मिळणारा कार्बन. तिचे मूळ कण नॅनोमीटरांत मोजावे इतके बारीक, रबराच्या साखळ्या त्यांना चिकटून बसतात आणि ओरबाडून काढणं अवघड होतं. १९९०च्या दशकापासून काजळीच्या जोडीला सिलिका आली. तिच्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड वाढली आणि चाक फिरताना उष्णता होऊन वाया जाणारी ताकदही वाचली.

राहिली ती फिकट पट्टी. पंक्चरपासून वाचवायचं काम तिचं. तिच्यामागची गोष्ट १९६४-६५ची, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीची. पेट्रोलची टंचाई येईल, तेव्हा गाड्यांच्या टायरसाठी पोलादापेक्षा हलका पण तितकाच मजबूत धागा हवा, म्हणून शोध चालला होता. स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ बाईंच्या हाती एक द्रावण आलं, पातळ आणि गढूळ, ताकासारखं. असली द्रावणं बिघडलेली समजून ओतून द्यायची पद्धत. धागा काढायच्या यंत्रावरचा माणूस तर ते घ्यायलाच तयार नव्हता, त्याला यंत्राची बारीक भोकं तुंबायची भीती. क्वोलेकबाई हटल्या नाहीत. धागा निघाला आणि तुटता तुटेना! तोच केव्हलार. शोधला टायरसाठी, गाजला गोळी अडवणाऱ्या जाकिटांमुळे, आणि आज कित्येक सायकलींच्या टायरमध्ये पट्टीत, आणि काठात तारेच्या जागी बसला आहे. फोल्डिंग टायर घडी करून खिशात मावतो तो याच तंतूंमुळे. हा फरक वजनाचा आणि सोयीचा आहे. तारेचा टायर काही कमी टिकत नाही, बजेट आखडतं असेल तर तो बिनधास्त घ्यावा.

काही चांगल्या टायरमधली पट्टी व्हेक्ट्रान नावाच्या धाग्याची असते. कॉन्टिनेंटलच्या ग्रां प्री फोर सीझनमध्ये तिचे दोन थर असतात. ४ जुलै १९९७ला पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं ते फुग्यांत गुंडाळून. दगडधोंड्यांवर पंधराएक वेळा टप्पे घेऊनही ते फुगे टिकले, आणि ते व्हेक्ट्रानचे होते. मंगळाच्या खडकांना जो धागा पुरून उरला, तोच तुमच्या ट्यूबपासून काही मिलिमीटरवर काचेची वाट अडवून बसलेला असतो!

दुसरा मार्ग नुसत्या जाडीचा. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये वरच्या रबराखाली लवचीक रबराचाच पाच मिलिमीटरचा थर घातलेला असतो. ड्रॉइंग पिन पूर्ण घुसली तरी ट्यूबपर्यंत पोचत नाही. पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते. त्याच मापाच्या फोर सीझनच्या दुपटीहून जास्त. रोज बाभळीच्या काट्यांतून, फुटक्या काचांतून कामावर जाणाऱ्याने तो जरूर घ्यावा. रविवारी शंभर किलोमीटर मारायचे, मधे घाट चढायचा आणि सोमवारी त्याच सायकलवर ऑफिस गाठायचं, अशांसाठी माझं मत पातळ पट्टीच्या, मध्यावर थोडं जास्त रबर असलेल्या टायरला.

आणि रुंदी? इथे तर भल्याभल्यांची समजूत उलटी आहे. अरुंद टायर जास्त पळतो असं मानून वर्षानुवर्षं २३ मिलिमीटरचे टायर वापरले गेले. पण जरा बघा. तेवढंच वजन, तेवढाच दाब, तर रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळही तेवढंच राहणार. फक्त अरुंद टायरमध्ये ते लांबट होतं, रुंद टायरमध्ये आखूड आणि पसरट. लांबट भागासाठी टायरला जास्त खोल दबावं लागतं, आणि दबण्या-सुटण्यात रबर गरम होऊन तुमच्या पायांची ताकद खातं. म्हणजे रुंद टायर कमी खातो! शिवाय त्यात दाब कमी ठेवता येतो, म्हणून खडबडीत रस्त्यावर तो खडे पोटात घेतो. कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघांनाही उचलतो. तेवढी उचल फुकट गेली. शर्यतीवालेही आता २८ आणि त्याहून रुंद टायरवर आले आहेत.

रुंद टायर पंक्चरही कमी होतो. खड्ड्याच्या कडेवर टायर पूर्ण दबला की ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. रुंद टायरला दबायला जागा जास्त, म्हणून हा चिमटा सहसा बसत नाही. म्हणून माझं सांगणं, पट्टीवर पैसे घालण्याआधी फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली किती जागा आहे ते बघा, आणि मावेल तेवढा रुंद टायर घ्या. बऱ्याच जुन्या रोड बाइकमध्ये २५ किंवा २८च्या पुढे जागा नसते. टायरच्या बाजूवर २८-६२२ असा आकडा असतो. २८ ही रुंदी, ६२२ हा रिमवर बसणाऱ्या काठाचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६२२ जुळलं पाहिजे, त्यात तडजोड नाही.

हवा किती? बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची सूचना नव्हे. अमेरिकेतल्या फ्रँक बर्टो यांनी मोजमापं करून एक सोपा नियम दिला. माणूस बसल्यावर टायरची उंची १५ टक्क्यांनी कमी झाली पाहिजे. पंचाहत्तर किलोच्या माणसाला २८च्या टायरमध्ये मागे ७०-७५ आणि पुढे ६०-६५ पीएसआय धरून सुरुवात करावी आणि अंगाला पटेल तसं कमी-जास्त करावं. पुढे कमी, कारण पुढच्या चाकावर वजन कमी.

टायर गुळगुळीत असेल तर घाबरू नका. पावसात तो घसरेल असं वाटतं, कारण आपल्या डोळ्यांसमोर मोटारीचे टायर असतात. चाक पाण्यावर तरंगू लागतं ते किती वेगाला, याचं गणित नासाने विमानांच्या टायरवर केलं होतं, आणि ते मुख्यतः हवेच्या दाबावर अवलंबून निघालं. ८० पीएसआयला तो वेग येतो ताशी जवळजवळ दीडशे किलोमीटर! कुठल्या घाटातून इतक्या वेगाने उतरणार आहात? सायकलच्या टायरचा अरुंद, निमुळता भाग पाणी आपोआप बाजूला सारतो. पकड येते ती मऊ रबर डांबराच्या बारीक खाचांत शिरून बसतं म्हणून, आणि गुळगुळीत टायरचं जास्त रबर खाचांत शिरतं. चिखल किंवा मुरुमाच्या वाटेवर मात्र नक्षी लागते, तिथे रस्ताच मऊ असतो.

टायर चढवल्यावर त्याचं आयुष्य बरंचसं तुमच्या हातात असतं. काचेचा तुकडा किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार बहुतेक वेळा पहिल्या फेरीत ट्यूबपर्यंत पोचत नाही. ती नुसती रुतून बसते आणि पुढची प्रत्येक फेरी तिला हातोडीसारखी आत ठोकते. घरी आल्यावर चाक सावकाश फिरवत, चिरा बोटांनी थोड्या फाकवून अडकलेले कण टोकदार वस्तूने काढून टाका. पुढच्या दिवसाचं पंक्चर आदल्या संध्याकाळीच टळतं.

मागचा टायर पुढच्यापेक्षा कितीतरी लवकर झिजतो, कारण वजन जास्त त्याच्यावर आणि पायांचा जोरही त्याच्यातूनच रस्त्याला मिळतो. मध्यावर तो सपाट होत जातो, कधी कापडाचे धागे डोकावू लागतात. काही टायरवर दोन बारीक खळगे असतात, ते दिसेनासे झाले की मुदत संपली. तेव्हा नवा टायर मागे चढवायचा मोह होतो, पण तो पुढे लावा आणि पुढचा अर्धा-मुर्धा झिजलेला मागे न्या. मागचा टायर अचानक बसला तर सायकल डगमगते, तरी सावरता येते. पुढचा बसला तर हँडल हातचं जातं. शिवाय वर्षानुवर्षं पुढेच राहिलेला टायर फारसा झिजत नाही, पण हवेतल्या ओझोनने त्याच्या बाजूंना बारीक भेगा पडून तो म्हातारा होतो. आळीपाळीने पुढे-मागे केलं की दोन्ही टायर रस्त्यावरच झिजून संपतात आणि सगळ्यात ताजं रबर कायम पुढच्या चाकावर राहतं.